ठिपका आणि तारा

फोटोच्या निगेटिव्हवर आकाश फिकट दिसते आणि तारे काळे. १८८७ साली पॅरिसला सगळ्या आकाशाचे फोटो घेण्याचे ठरले आणि पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही त्यात आपला वाटा उचलला. काचेवरचे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली धरून मोजीत. ठिपका जितका मोठा, तितका तारा तेजस्वी.

पण हा व्यास ताऱ्याचा नव्हेच. तारा इतका दूर, की काचेवर तो केवळ बिंदू उमटायला हवा. हवेने हललेला आणि काचेवरच्या लेपात पसरलेला प्रकाश त्याला फुगवतो. काच अधिक वेळ उघडी ठेवली, की तोच ठिपका वाढतो. शिवाय जुन्या काचांना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. म्हणून सूर्याच्या शेकडो पट रुंद असलेला तांबूस काक्षी तेथे लहान उमटे आणि सूर्याच्या दुपटीहूनही लहान असलेला व्याध मोठा!

नौपाड्यातल्या माझ्या खोलीत वह्या तपासताना हे आठवते आणि हात थबकतो. वर्गात एक अडखळत बोलणारा मुलगा होता. त्याचे एकही वाक्य मी पुरे होऊ दिले नाही. शेरा मात्र लिहून मोकळा झालो, ‘सामान्य’. माझी काच किती वेळ उघडी होती, हे मी पाहिलेच नाही.

मग मोजूच नये काय? तसे नव्हे. ज्योतिर्विदांनीही मोजणे सोडले नाही. ज्यांचे तेज आधी ठाऊक आहे, अशा ताऱ्यांशी ते आपले ठिपके ताडून पाहत. ठिपक्याला त्यांनी तारा मानले नाही. मी मात्र माझ्या शेऱ्यालाच मुलगा समजलो.