पेला नाकारणाऱ्याला कारण विचारावे काय?

जपानात मद्याच्या बैठकीत आपला पेला आपण भरायचा नसतो. आपण शेजाऱ्याचा भरावा, शेजाऱ्याने आपला भरावा, अशी तेथील रीत आहे. रीत मोठी गोड. पण ज्याच्या यकृतात काविळीचा ‘बी’ किंवा ‘सी’ विषाणू ठाण मांडून बसला आहे, त्याने काय करावे? विषाणूने यकृत आधीच सुजलेले. त्यात दारू पचताना निघणारे विषारी द्रव्य त्याच पेशींवर घाव घालते. मग यकृत निबर होत जाते, ज्याला डॉक्टर सिरोसिस म्हणतात, आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. ‘एवढ्याशाने काय होते’ असे म्हणण्याजोगे सुरक्षित माप अशा माणसाला नाही.

यकृत बिघडले की लोक म्हणतात, “पीत असेल.” जपानचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९४८ ते १९८८ या काळात तेथे सक्तीची लस टोचताना एकच सुई किंवा सिरिंज अनेक मुलांना वापरली गेली आणि पुष्कळांना ‘बी’ त्यातून जडला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले २००६ साली; भरपाईचा कायदा लागू व्हायला २०१२ उजाडले. रक्ताचीही तीच कथा. १९६४ मध्ये टोकियोत अमेरिकन राजदूत एडविन रायशॉवर यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि चढवलेल्या रक्तातून त्यांना कावीळ झाली. तेव्हा तेथे गरीब लोक पोटासाठी वारंवार रक्त विकत. त्याच वर्षी सरकारने ऐच्छिक रक्तदानाचे धोरण स्वीकारले. राजदूत आजारी पडल्यावर डोळे उघडले, हेही आम्ही येथे नोंदवून ठेवतो. १९९० साली रायशॉवर वारले, ते त्याच काविळीच्या परिणामांनी.

मग दोष दुसऱ्याचा आणि पथ्य याला, हा न्याय कसला? आमच्या मते दोष त्याचा नाहीच. पण यकृत त्याचे आहे, म्हणून पथ्य त्यालाच पाळावे लागणार. आज ‘सी’ गोळ्यांनी बरा होतो, ‘बी’ काबूत राहतो. निबर झालेल्या यकृताला मात्र दारू वर्ज्यच.

प्रश्न उरतो बाटली धरणाऱ्याचा. तो “थोडी तरी घ्या” म्हणून आग्रह करतो, तेव्हा समोरच्याने भर बैठकीत आपला आजार उघड करावा, अशीच जणू मागणी करतो. आजार कळला की नोकरीची आणि सोयरिकीची धास्ती. म्हणून कारण विचारणेच आम्हांला गैर वाटते. कोकणात आपल्या वडीलधाऱ्यांनी मनुका भिजवून त्यांच्या शरबतावर किद्दुश केला; पेल्यात मद्य नाही म्हणून त्या आशीर्वादात कोणाला उणीव वाटली नाही. जपानी बैठकीतही आता ऊलाँग चहाचा पेला चालतो, आणि तोही शेजारीच भरून देऊ शकतो.