शालजोडीतले

प्रिय धर्मग्रामस्थांनो,



आपल्या मराठीत कुणाचा अपमान करायला शिवीच लागते असे नाही. 'शहाणा' हा शब्द कौतुकाचा. पण सूर जरा बदलला की तोच शब्द जिव्हारी लागतो. शालीत गुंडाळून जोडा हाणावा अशा या बोलण्याला आपण 'शालजोडीतले' म्हणतो. शिवी दिली तर निवाडा सोपा असतो. टोमण्याचा निवाडा अवघड, कारण बोलणारा लगेच म्हणतो, "मी कुठे काय वाईट बोललो?"

समजा, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत सणाच्या खर्चाचा विषय निघाला. एक सभासद खजिनदारांना म्हणाले, "तुमचा हिशेब काय, नेहमी बरोबरच असतो म्हणा!" दोघे-तिघे हसले. खजिनदारांचा चेहरा उतरला. ही शाबासकी होती की चोरीचा आळ? बैठक चालवणाऱ्याने आता काय करावे? महिला मंडळात, युवकांच्या गटात, आणि घरी आई व बायको यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मुलापुढेही हाच प्रश्न येतो.

संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्याच्या आरंभीच संत सांगतात की, चांगल्या ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याच्या बोलण्याला दोष देण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ घेण्याची तयारी अधिक ठेवावी. तसा अर्थ लागत नसेल तर त्यालाच विचारावे, आणि तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाने उतावीळ निवाड्याबद्दल बोलताना (परिच्छेद २४७८) हाच उपदेश घेतला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की, वाईट माणसाला चांगले समजून आपण पुष्कळदा फसलो तरी चालेल. पण चांगल्या माणसाला क्वचितही वाईट समजू नये, कारण त्यात त्याच्यावर अन्याय होतो.

नासरेथातून काही चांगले निघेल का, असे नथनेल बोलला, ते प्रभू येशूच्या गावाला हिणवणेच होते. पण प्रभूने त्या बोलण्यातला डंख पाहिला नाही. त्या माणसाचा निष्कपटपणा पाहिला (योहान १).

इथवर सारे पटते. पण मग खजिनदारांचे काय? नेहमी चांगलाच अर्थ घ्यायचा ठरवले, तर चतुर बोलणारा दर वेळी सुटेल आणि "मनाला लावून घेऊ नका" हा उपदेश दर वेळी दुखावलेल्यालाच ऐकावा लागेल. दयेच्या नावाखाली दुबळ्यावर होणारा हा अन्यायच आहे.

याचे उत्तरही संत थॉमस यांच्याकडे आहे. शब्दाचे पाप ठरवताना मुख्यतः बोलणाऱ्याचा हेतू पाहावा, असे ते म्हणतात. पण पुढे बजावतात की, थट्टेत मारलेला फटका वर्मी लागला तर मारणारा दोषमुक्त होत नाही. बेसावध बोलण्याचेही तसेच. शिवाय, माणसाविषयी मत बनवताना चांगले धरावे, परंतु उपाय करताना वाईटातले वाईट गृहीत धरणे हिताचे ठरते. जे औषध मोठ्या दुखण्याला पुरते ते लहानालाही पुरते.

म्हणजे येथे दोन निवाडे आहेत आणि आपण ते एकत्र करतो म्हणून गोंधळ होतो. संशयाचा फायदा माणसाला द्यावा, शब्दाला देऊ नये. बैठक चालवणाऱ्याने शांतपणे म्हणावे, "आपल्या मनात तसे नसेल, पण या वाक्याचा दुसरा अर्थ निघतो. हिशेबाबद्दल शंका असेल तर ती स्पष्ट मांडा. नसेल तर तसे सर्वांसमोर सांगा." यात कुणाला खोटे ठरवलेले नाही, आणि शालीत लपायला जागाही ठेवलेली नाही. प्रमुख याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने हात उगारला नाही, तसा तो गप्पही राहिला नाही. माझे काही चुकले असेल तर ते दाखव, एवढेच त्याने मागितले (योहान १८).

मत्तयच्या १८ व्या अध्यायात प्रभू सांगतो की, भावाचा अपराध आधी एकांतात त्याच्या पदरात घालावा. हेतूची चौकशी तशीच एकांतात व्हावी. पण ज्याचे नाव चारचौघांत मळले ते चारचौघांतच स्वच्छ झाले पाहिजे. आणि हा नियम आपल्या माणसाला एक व विरोधकाला दुसरा असू नये. ज्याला बोलणे लागले त्यानेही स्वतःला विचारावे की, ते खरेच माझ्यासाठी होते का? 'लेकी बोले सुने लागे' खरे असते. पण प्रत्येक वेळी बोल सुनेसाठीच असतो असे नाही.

एवढे करूनही एखादा म्हणेल, "मी गंमत केली," आणि ते खरे की खोटे हे आपल्याला कधीच कळणार नाही. तेथे आपला अधिकार संपतो. अंतःकरण पाहणारा एकच आहे, त्याच्यावर ते सोपवावे.

पुढच्या रविवारी मिस्सामध्ये शांतीची खूण देताना ज्याच्याकडे पाहणे आपण टाळतो, त्याला त्याआधी या आठवड्यात एकदा भेटावे आणि त्या दिवशी त्याला काय म्हणायचे होते, ते साधेपणाने विचारावे.

आपले धर्मगुरू