अडचण काही नाही

"आई संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, लक्षात आलंय तुझ्या?" चहा गाळता गाळता ताईनं विचारलं.

"तहान नसेल."

"असते. रात्री उठावं लागू नये म्हणून सहानंतर घोटभरही नाही."

महिन्यातून दोन दिवस मिरजेला येणाऱ्या मुलाला हे कुठून दिसणार? मी विचारतो, "काही अडचण?" ती म्हणते, "काही नाही." आणि ते खोटंही नसतं. गच्चीवर जाणंच सोडलं, मग जिना कशाला अडवेल!

"अंघोळीला आणि रात्रीला बाई ठेवू," मी म्हणालो.

"नको म्हणते. परक्या बाईपुढं उघडं व्हायचं नाही तिला."

"आणि पडली तर?"

"डोकं शाबूत आहे तिचं. मग ठरवायचं कुणी?"

"ठरवणार ती, निस्तरणार तू. खुबा मोडला तर उचलायचं तुलाच. तुझे गुडघे बघ आधी."

ताई चिडली. "म्हणजे बाई तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तसं सांग ना तिला. तिच्या भल्याचं कशाला म्हणतोस?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी पुस्तकी बोललो. माणसं अडचणीत आली की बोलतात तसं. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी 1963 साली सहा गोष्टींची यादी केली: अंघोळ, कपडे, संडास, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावरचा ताबा, जेवण. म्हातारपणातलं परावलंबन अजूनही याच यादीनं मोजतात.

"त्या यादीत पाणी न पिणं आहे?" ताईनं विचारलं.

नाही. ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. पाठीला साबण लावणारा हात त्यात नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड खुबा मोडून दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं, मोडू नये म्हणून नाही.

"पण हात दिला की सगळं भागतं असंही नाही रे," ताई जरा निवळली. "गेल्या वर्षी तिला दोन भाकऱ्यांना तास लागला. मी परात ओढून घेतली. त्यानंतर तिनं पिठाला हात लावला नाही. मी मदत केली की तिचं काम हिसकावलं?"

"हिसकावलंस."

"आणि नसती ओढली तर? साडेअकराची बस चुकली असती माझी."

आतून आईचा खोकला आला. आम्ही दोघं आवाज खाली आणून बोलू लागलो; ऐंशीच्या बाईबद्दल, तिच्याच घरात.

शेवटी न्हाणीत आधाराचा स्टीलचा दांडा बसवायचं ठरलं. कुठे बसवायचा ते मी दाखवलं, प्लंबरनं बसवला. उजवीकडे. आईचा उजवा खांदा चार वर्षांपासून वर होत नाही, हे ताईला माहीत होतं. ती तेव्हा कामावर होती.

आई त्या दांड्यावर पंचा वाळत घालते.