जरा सरकून घ्या



सुगी आटोपली की तालुक्याच्या आमच्या गावी, मामलेदार कचेरीमागच्या मैदानात, फिरत्या सिनेमाचा तंबू उभा राही. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ तेथे पुनःपुन्हा येई, आणि पडद्यावर तुकोबा दिसताच वृद्ध स्त्रिया हात जोडीत.

खुर्च्या हुद्देदारांसाठी, बाकी सारी रयत जमिनीवर. प्रथम येणारा ऐसपैस मांडी घालून बसे. परंतु खेळ सुरू होता होता, बैलगाडीतून उतरलेले, धुळीने माखलेले एखादे कुटुंब कनातीपाशी अवघडून उभे राहिले, की कोणीतरी, आणि तोही बहुधा स्वतःच दाटीवाटीने बसलेला, म्हणे, ‘जरा सरकून घ्या.’ सारी रांग सरके. कुरकुरतही असे, हे मान्य केले पाहिजे. पुढे रीळ बदलताना खेळ थांबला, की त्याच कुटुंबाचे शेंगदाणे आमच्या मुठीत येत.

औदार्य म्हटले की आपल्याला मोठी दाने आठवतात. नित्याच्या आचरणात मात्र त्याची मागणी वीतभर जागेचीच असते, आणि अशा देण्याची पावती मिळत नसल्याने ते विशेष अवघड जाते. जरा सरकून घ्या, एवढेच मागणे.

हे बैठकीपुरतेच नव्हे, मंडळी. जेवताना वडीलधारी बोलत असतात. नवी सून काही सांगू पाहते आणि मध्येच थांबते. तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे. भाजी काही पळून जात नाही.