आम्ही त्या काळी असतो तर

शास्त्रपाठ : मत्तय २३:२९-३१, अनुवाद ५:१२-१५

सुटी लागली की इंदूरहून, आमच्या या तुकोगंजातूनही, पुष्कळ कुटुंबे गोव्याला जातात. मंडळींच्या सहलीही निघतात. जुन्या गोव्यात उतरल्यावर गाईड बरोबर घेतला जातो. तो भव्य मंदिरे दाखवतो, त्यांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या वेद्या दाखवतो, मांडवीच्या काठची व्हाइसरॉयची कमान दाखवतो. या कमानीतून शहरात शिरणारा रस्ता पुढे ज्या सरळ रस्त्याला मिळत असे, त्याला पोर्तुगीज लोक ‘रुआ दिरेइता’ म्हणत. त्या शहराचा मुख्य बाजार तेथे भरे. आमच्या मंडळीतील काही कुटुंबांबरोबर आम्ही तेथे गेलो, तेव्हा रेशीम, जवाहीर आणि अरबी घोडे यांची वर्णने सांगून झाल्यावर गाईड सहज म्हणाला, “येथे माणसेही विकली जात.” क्षणभर सारे गप्प झाले. मग कोणी तरी म्हणाले, “आपण त्या काळी असतो तर असे होऊ दिले नसते.” सर्वांनी माना डोलावल्या आणि सहल पुढे चालू लागली.

वाचकहो, या लेखात आम्हांला त्या एका वाक्याचाच विचार करावयाचा आहे. ते वाक्य दुष्ट माणसाचे नाही. त्यात अन्यायाची चीड आहे. परंतु शुभवर्तमान वाचणाऱ्याला ते ऐकून थोडे थांबावेच लागते, कारण जवळजवळ हेच वाक्य प्रभू येशूने शास्त्री व परूशी यांच्या तोंडचे म्हणून सांगितले आहे. ते संदेष्ट्यांच्या कबरा बांधीत, नीतिमानांची स्मारके शृंगारीत आणि म्हणत की, आमच्या वाडवडिलांच्या काळी आम्ही असतो तर त्यांच्या पापात भागीदार झालो नसतो. प्रभूने स्मारकांना दोष दिला नाही. स्मारकापुढे उभे राहून स्वतःला निर्दोष ठरविणाऱ्या मनाला दोष दिला.

मग प्रश्न असा की, अशी ठिकाणे पाहावयास जावे की नाही? आमचे उत्तर आहे की जावे, अवश्य जावे. पण ‘ते लोक किती वाईट होते’ हे पाहण्यास जाऊ नये. ‘ते लोक किती आपल्यासारखे होते’ हे पाहण्यास जावे.

गोव्याच्या त्या बाजाराचे वर्णन यान हुइखेन फान लिन्सखोटेन या डच गृहस्थाने लिहून ठेवले आहे. तो १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता, आणि तोही आर्चबिशपांच्या पदरी. त्याचे पुस्तक १५९६ साली छापले गेले. तो सांगतो की, रोज सकाळी सातपासून नऊपर्यंत त्या सरळ रस्त्यावर लिलाव चाले, आणि त्यात नाना देशांच्या मालाबरोबर स्त्रीपुरुष गुलाम, तरुण आणि म्हातारे, जनावरांसारखे विकले जात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मोझांबिकमधून, बंगालमधून आणि आणखी दूरदूरच्या मुलुखांतून माणसे तेथे येत. आणि तो एक लहानशी गोष्ट नोंदवतो : हा बाजार रविवारी आणि सणांच्या दिवशी बंद असे.

ही गोष्ट वाचून आम्ही फार अस्वस्थ झालो. ते लोक देवाला विसरलेले नव्हते. त्यांनी चौथी आज्ञा पाळली होती. विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही रविवारी उपासनेस येऊन बसले असतील. सोमवारी सकाळी सात वाजता ते पुन्हा त्या रस्त्यावर हजर असतील.

येथे आपल्या प्रॉटेस्टंट वाचकांपैकी कोणी म्हणेल, “ते रोमी लोक होते, ते पोर्तुगीज होते.” असे म्हणण्याची सोय देवाने आपल्याला ठेवलेली नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचे कर्ते जॉन न्यूटन यांची साक्ष आपण पुष्कळ प्रवचनांतून ऐकली आहे. १७४८ च्या वादळात त्यांनी देवाचा धावा केला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यानंतर १७५० ते १७५४ पर्यंत ते गुलामांच्या जहाजांवर कप्तान होते, आणि त्या जहाजावर रविवारी खलाशांची उपासना घेत, हे आपण सहसा सांगत नाही. त्या व्यापाराविरुद्ध त्यांचे पुस्तक निघाले ते १७८८ साली.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर एस.पी.जी. मिशनचे घ्या. अहमदनगर जिल्ह्यातील कितीतरी मराठी ख्रिस्ती घराण्यांना या संस्थेच्या शाळांनी अक्षरओळख दिली. त्याबद्दल आपण कृतज्ञ असलेच पाहिजे. पण याच संस्थेला १७१० साली बार्बाडोस बेटावरील कॉड्रिंग्टन नावाच्या मळ्यांचा वारसा मिळाला, त्यात सुमारे तीनशे गुलाम माणसेही होती. पुढील काही वर्षे नव्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. मळ्याचे उत्पन्न सुवार्तेच्या कामासाठीच होते. इंग्लंडच्या चर्चने २००६ साली या गोष्टींबद्दल जाहीर क्षमा मागितली.

आणि आपल्या मराठी मुलुखाचे काय? पुण्यात शनिवारवाडा पाहून येणारे त्याचे बुरूज आणि दरवाजे मोजतात. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘कुणबीण’ हा शब्द ठिकठिकाणी येतो. तेथे त्याचा अर्थ शेतकऱ्याची बायको असा नसून विकत घेतलेली दासी असा आहे. लढाईत धरून आणलेल्या, दुष्काळात विकलेल्या, व्यभिचाराचा आरोप ठेवून सरकारात जमा केलेल्या अशा या बायका होत्या. सरकारी कोठ्यांत आणि पागांत त्या राबत. त्यांची किंमत ठरे, त्या बक्षीसही दिल्या जात. आमच्या माळव्याविषयी सर जॉन माल्कम यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, येथील गुलामगिरी मुख्यत्वे स्त्रियांची आहे, आणि अशा स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. म्हणजे हा विषय समुद्रापलीकडचा नाही. तो इंदूरच्या आणि पुण्याच्या जुन्या गल्ल्यांतलाही आहे. फक्त तेथे कोणी गाईड तो सांगत नाही.

मग चांगल्या माणसांची सदसद्विवेकबुद्धी कशी झोपी जाते? आम्हांस तीन गोष्टी दिसतात.

पहिली, कागद. व्यवहार कायदेशीर आहे असे दिसले की मन शांत होते. १५६७ साली गोव्यात चर्चची प्रांतिक परिषद भरली. तिने अन्यायाने धरलेल्या गुलामांविषयी चिंता दाखविली, हे खरे. पण कोणकोणत्या कारणांनी माणूस न्यायाने गुलाम ठरतो, याचीही यादी केली. चिंता यादीत विरून गेली. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा धन्यांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना काही दिले नाही. कंपनी सरकारचा हिंदुस्थान तर त्या कायद्यातून वगळलाच होता. येथे १८४३ साली पाचवा कायदा झाला, आणि माणूस विकणे-विकत घेणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. कागद नेहमी उशिरा येतो. देवाचा नियम त्याची वाट पाहत नाही.

दुसरी, दया. “आमच्या घरी तिला काही कमी नाही, लेकीसारखी आहे,” असे म्हणणारे धनी प्रत्येक काळात होते, आणि त्यांतील कित्येक खरेच दयाळू होते. परंतु ज्या माणसाला दार उघडून बाहेर जाता येत नाही, त्याच्यावर केलेली दया न्यायाची जागा घेऊ शकत नाही.

तिसरी, रविवार. भक्ती आणि व्यवहार यांच्यामध्ये भिंत घातली की दोन्ही सुखाने चालतात.

“त्या काळी कोणाला कळतच नव्हते,” असेही म्हटले जाते. हे खरे नाही. चौथ्या शतकात निस्सा येथील बिशप ग्रेगरी यांनी उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना विचारले होते की, देवाच्या प्रतिरूपाची किंमत कोण ठरवणार, आणि ती कोणत्या नाण्यात मोजणार? आणि सर्वांत आधी ज्याच्या गळ्यात दोर होता त्याला कळत होते. कोणाला कळत नव्हते असे म्हणताना आपण त्याला माणसांत धरत नाही.

आता एका नाजूक शंकेकडे वळू. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ जणांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. वेठ त्यांच्याच पाठीवर होती. ते विचारतील, “आमचे वाडवडील तर जोखडाखाली होते. गुलामगिरीचा पश्चात्ताप आम्ही का करावा?” हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणे बरे नाही. परक्याचे पाप आपल्या अंगावर ओढून घ्या, असे पवित्र शास्त्र सांगत नाही. पण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात इस्राएलाला मिसरातील दास्याची आठवण कशासाठी करून दिली आहे, ते पाहा. त्यांनी इतरांवर हक्क सांगावा म्हणून नव्हे, तर त्यांच्या घरातील दासाला, दासीला आणि परक्याला त्यांच्याइतकाच विसावा मिळावा म्हणून. ज्याने जोखड सोसले त्याला सूट मिळत नाही. त्याच्यावर जबाबदारी अधिक येते, कारण ते किती जड असते हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

अशी आठवण कशी ठेवावी, याचे एक ठिकाण महाराष्ट्रात आहे. नाशिकचा शरणपूर रोड आज दुकानांनी गजबजलेला आहे. नावातील ‘शरण’ शब्दाकडे कोणाचे लक्ष जात नाही. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर वसविले. इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईहून येथे येत, लिहिणे-वाचणे शिकत, सुतारकी व लोहारकी शिकत. १८६६ च्या आपल्या शेवटच्या सफरीत डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी येथील नऊ तरुण बरोबर नेले. पुढे १८७२ साली मदतीसाठी गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी डॉक्टर वारल्यावर त्यानेच अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले. त्यांच्या सोबत्यांनी तो देह कित्येक महिने चालून समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. शरणपूरचेच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली पूर्व आफ्रिकेत डीकन म्हणून दीक्षा मिळाली.

आपण ही कथा सांगतो तेव्हा सोडविणाऱ्यांच्या बाजूला उभे राहतो. त्यापेक्षा सुटलेल्यांची नावे आधी घ्यावीत. ती मुले नुसती वाचविली गेली नाहीत. वाचल्यावर ती इतरांसाठी जगली. बाजारात ज्यांची किंमत सांगितली जात होती, त्यांची नावे घेणे हेच त्या बाजाराला उत्तर आहे.

आणि आज? आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठ यांना मनाई केली. १९७६ साली वेठबिगार रद्द करणारा कायदा झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच आहे. तरीही दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रात उसाच्या फडांकडे गाड्या जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवराबायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, त्याला बांधलेली राहते. हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. झाबुआ-अलीराजपूरकडील आदिवासी कुटुंबे गुजरातेत आणि इंदूरच्या बांधकामांवर येतात. कोणाच्या घरी शाळेच्या वयाची मुलगी भांडी घासते, आणि ती लेकीसारखी आहे असे आपल्याला सांगितले जाते. कागद आहे, दया आहे, रविवारही आहे.

हे सर्व गोव्याच्या बाजारासारखेच आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे त्या रस्त्यावर विकल्या गेलेल्या माणसांवर अन्याय होईल. पण मन झोपविण्याचे औषध तेच आहे.

म्हणून आमची मंडळ्यांना विनंती आहे. सहली अवश्य काढा. गाईडला विचारा की, ही मंदिरे बांधणारे हात कोणाचे होते, आणि येथे कोण विकले गेले. मुलांना ते ऐकू द्या. तेथे उभे असताना ‘आम्ही असतो तर’ हे वाक्य तोंडी आले तर ते गिळून दुसरे विचारा : ‘आम्ही आहोत, तर काय?’ घरी परतल्यावर आपल्याकडे काम करणाऱ्याला सुटी मिळते का, मजुरी पुरी आणि वेळेवर मिळते का, आणि त्याला काम सोडून जावेसे वाटले तर जाता येते का, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारा. मंडळीच्या इमारतीचे बांधकाम चालू असेल तर पंचायतीच्या सभेत ठेकेदाराला विचारा. अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब सांगतो (५:४). ती ओरड आपल्या अंगणातून जाऊ नये.

ज्या प्रभूने दासाचे रूप धारण करून आपल्याला मोल देऊन विकत घेतले, तो आपले डोळे उघडो, आणि आपल्या उंबरठ्याच्या आत कोणीही बांधलेला राहू न देण्याचे धैर्य आपणांस देवो.