चिंता आणि विश्वास

चिंतेने ग्रासलेल्या बंधूला ‘अल्पविश्वासी’ म्हणून आपण किती सहज मोकळे होतो! भयाच्या क्षणी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात; हृदय धडधडते, घाम फुटतो. आपल्या रक्षणासाठी निर्माणकर्त्यानेच देहात ठेवलेली ही योजना आपल्या इच्छेने थांबत नाही. मग तिला पाप कसे म्हणावे? गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला. त्याच्या घामाचा उल्लेख लूककृत शुभवर्तमानात आहे. त्या घटकेस त्याने पित्याची प्रार्थना केली आणि शिष्यांची सोबतही मागितली. शिष्य मात्र झोपी गेले. आपण तसे न करता अशा बंधूजवळ जागे राहू, त्याला वैद्याकडे नेऊ व त्याच्यासाठी प्रार्थना करू.