वळवाच्या ढगात, पाच किलोमीटरवर

मे महिन्यातली दुपार. सोलापूरकडचं एखादं शिवार डोळ्यांपुढे आणा. पारा चाळिशीपार, वारा पडलेला, आणि क्षितिजावर वळवाचा ढग चढतो आहे. निवांत बसा. डोळे मिटा. श्वास चालतोय तसा चालू द्या. आपल्याला त्या ढगात वर जायचं आहे. घाई कसलीच नाही.

खालची तापलेली हवा वर निघाली आहे. चढताना ती पसरते, पसरली की गार होते, आणि तिच्यातलं बाष्प धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांवर पाणी होऊन बसतं. असा एक मेघबिंदू निवडा. व्यास मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. असे दहा लाख एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. त्याच्यासोबत चढत राहा.

पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्याला टेकतं. इथे थांबा. शून्याला पाणी गोठतं असं आपण शाळेत घोकलं, पण आपला बिंदू गोठलेला नाही. उणे पाच अंश. पाणीच. उणे दहा. तरीही पाणी.

त्याच्या आत डोकावा. गोठायचं तर रेणूंना ठरावीक षट्कोनी मांडणीत बसावं लागतं. काही रेणू तसे जुळतात आणि लगेच विखुरतात. पुन्हा जुळतात, पुन्हा विखुरतात. जुळणी एका मापापलीकडे वाढली तरच टिकते, आणि एवढ्याशा बिंदूत ती कुणाच्या मदतीशिवाय टिकायला उणे 38 अंशांपर्यंत उतरावं लागतं. तोवर नुसता गारठा पुरत नाही. या जुळण्या-मोडण्यापाशी चार श्वास राहा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसणार नाही.

आता शेजारच्या बिंदूकडे वळा. त्यात फेल्डस्पार या खनिजाचा एक कण आहे. त्याच्या पृष्ठभागावर रेणूंना टेकायला जागा मिळते, मांडणी टिकते, आणि पाहता पाहता सगळा बिंदू बर्फ होतो. हवेत कणांना तोटा नाही, पण असं काम करणारे फार थोडे. त्यांतला सर्वांत पटाईत खनिज नव्हेच. तो पानांवर राहणारा स्यूडोमोनस सिरिंजी नावाचा जिवाणू. उणे दोन अंशांनाही तो पाणी गोठवू शकतो. ढगाच्या कारभारात पानावरच्या जिवाणूचाही हात असू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आजूबाजूला हजारो बिंदू अजून पाणी आहेत, मधे हा एकटा हिमकण. उणे दहा अंशांना जी हवा पाण्याच्या हिशेबाने जेमतेम संपृक्त असते, ती बर्फाच्या हिशेबाने दहा टक्के जास्त भरलेली असते. म्हणून बाष्प हिमकणावर जमत जातं. हवा थोडी कोरडी होते, ती तूट भरायला भोवतालचे बिंदू विरत जातात. एकही बिंदू त्याला शिवत नाही, तरी सगळे त्याला पोसतात. खंड सरकतात असं सांगणाऱ्या वेगेनरने 1911 मध्येच हे सुचवलं होतं. पाऊस पडण्याशी त्याची सांगड पुढे हवामानशास्त्रज्ञ बर्गेरॉनने घातली.

हे वाढणं सावकाश पाहा. उणे पाचच्या आसपास बारीक सुया, उणे पंधराला सहा फाट्यांच्या चांदण्या. मग कण जड होऊन घसरू लागतो, आणि वाटेतले अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेले, बिंदू त्याच्यावर आदळून जागीच गोठतात. चांदणीचे फाटे बुजतात. उरतो साबुदाण्याएवढा पांढुरका, ठिसूळ गोळा. शून्य अंशाच्या उंचीखाली उतरला की तो वितळतो आणि टपोरा थेंब होऊन शिवारात पडतो.

पण वळवाच्या ढगात वर जाणारा झोत जबर असतो. गोळा तिथेच तोलला जातो आणि थरावर थर चढून त्याची गार बनते. गार दहादा खाली-वर जाते म्हणून थर पडतात, ही पुस्तकी गोष्ट फारशी खरी नाही. एकाच फेरीतही थर पडतात. पाणी बेताचं असेल तर ते आदळताच गोठतं, हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि थर दुधी दिसतो. पाणी भरपूर असेल तर गोठायला वेळ लागतो, बुडबुडे निसटतात, थर काचेसारखा होतो.

डोळे उघडा. पुढच्या वळवात मोठी गार सापडली तर वितळायच्या आत मधोमध कापून उजेडाकडे धरा. थर मोजत आत गेलात, तर गाभ्याशी बहुतेक वेळा तो पांढुरका गोळा दिसेल.